सिलिकॉनचं वय आणि हिऱ्याचा नेमकेपणा

कर्करोगाच्या किरणोपचारात रुग्णाला एका दिवशी बहुधा २ ग्रे मात्रा देतात. १ ग्रे म्हणजे किलोभर ऊतीत मुरलेली १ ज्यूल ऊर्जा. २ ग्रेनं पाणी जेमतेम अर्धा सहस्रांश अंश तापतं. उष्णता म्हणून नगण्य असलेली ही ऊर्जा पेशींचा डीएनए मात्र तोडते. म्हणून ती काटेकोर मोजावीच लागते.

रुग्णालयांचा जुना भरवशाचा मापक म्हणजे हवा भरलेला आयनीकरण कक्ष; किरणांनी हवेत सुटलेले विद्युतभार तो मोजतो. पण हवेत भारांची एक जोडी सुटायला सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागतात, सिलिकॉन या अर्धवाहकात फक्त ३.६. शिवाय सिलिकॉन हवेपेक्षा जवळजवळ दोन हजार पट घन. त्यामुळे तेवढ्याच आकारमानात सिलिकॉन सुमारे १८,००० पट संकेत देतं. तांदळाच्या कणीपेक्षा लहान डायोड, म्हणजे सिलिकॉनचा चिमुकला मापक, पुरतो, आणि त्याला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागत नाही. म्हणून तो रुग्णाच्या त्वचेवर चिकटवता येतो.

मग अडतं कुठे? जे मोजायचं, त्यानंच हा डायोड म्हातारा होतो. किरण स्फटिकातले अणू जागचे हलवतात; त्या खड्ड्यांत भार अडकतात आणि संकेत घटतो. ही घट सुरुवातीला वेगानं होते, नंतर मंदावते. म्हणून कारखान्यातच डायोडला मुद्दाम भरपूर मात्रा देतात, नवी कोल्हापुरी चप्पल वापरण्याआधी तेल पाजून मऊ करतात तसं. दुसरा उपाय अधिक मुळाशी जातो: संवेदनशील थर इतका पातळ ठेवायचा की खड्ड्यात पडण्याआधीच भार इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे तो गोळा करणाऱ्या टोकापर्यंत, पोहोचावा.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, तर पाण्याचा किंवा मांसाचा परिणामी अणुक्रमांक (त्यातल्या सगळ्या अणूंचा मिळून धरलेला) साधारण साडेसात. कमी ऊर्जेचे क्ष-किरण सिलिकॉन कितीतरी जास्त शोषतं, आणि मापन फुगतं. हे टाळायला डायोडमागे टंगस्टनसारखा जड धातू लावून पाहिला. मोठ्या झोतात तो उपयोगी पडला. अगदी बारीक झोतात मात्र त्या धातूनंच मापन बिघडवलं.

आपल्याकडे क्ष-किरण तंत्रज्ञांच्या छातीवर दिसणाऱ्या बॅजमध्येही हाच प्रश्न आहे. त्यातलं डिस्प्रोशियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट अर्धवाहक नाही, पण कमी ऊर्जेला तेही अवाजवी प्रतिसाद देतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या या बॅजमध्ये तीन चकत्या वेगवेगळ्या गाळण्यांखाली बसवतात, आणि त्यांच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून किरणांची ऊर्जा ओळखून मात्रा सुधारून घेतात.

हिऱ्याला ही आकडेमोड फारशी लागत नाही. कार्बनचा अणुक्रमांक ६, मांसाच्या जवळचा. निसर्गातल्या हिऱ्यांमध्ये मात्र एक खडा दुसऱ्यासारखा वागत नसे. आता वायूतून थर चढवून हिरा वाढवतात, आणि अवघा १ मायक्रॉन जाडीचा संवेदनशील थर असलेले मापक बाजारात आहेत. संकेत सिलिकॉनपेक्षा क्षीण, पण मला हा सौदा पटतो.

सध्या खरी कसोटी फ्लॅश उपचार पाहतो आहे. त्यात सेकंदाला ४० ग्रेहून जास्त वेगानं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, सारी मात्रा देऊन होते. एवढ्या गर्दीत हवेतले आयन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्याआधीच एकमेकांना भेटून विझतात, आणि जुना आयनीकरण कक्ष कमी मात्रा दाखवतो. तिथे सिलिकॉन कार्बाइडचे पातळ मापक तपासले जात आहेत. विजेवरच्या गाड्यांसाठी या पदार्थाच्या चकत्या आता मोठ्या प्रमाणात बनतात, त्यामुळे संशोधकांना चांगला स्फटिक मिळवण्यासाठी पूर्वीइतकं झगडावं लागत नाही.