मध्यस्थ असला की वकील लागत नाही?

"लग्नाआधीचा पैशा-मालमत्तेचा करार मध्यस्थाकडे करा, तोच सगळं ठरवून देतो, वकील लागत नाही," असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. प्रत्यक्षात मध्यस्थ, म्हणजे दोघांमध्ये बोलणी घडवून आणणारी तटस्थ व्यक्ती (मेडिएटर), काहीच ठरवून देत नाही. जुनं कर्ज कोण फेडणार, मुलांसाठी एकाने नोकरी सोडली तर काय, हे अवघड विषय तो दोघांना शांतपणे बोलायला लावतो, आणि ते फार मोलाचं आहे. पण तो कोणाचाच वकील नसतो. म्हणून सहीआधी मसुदा प्रत्येकाने आपापल्या वकिलाला दाखवावा. पुढे वाद झाला तर अनेक देशांत न्यायालयं मालमत्ता पूर्ण उघड केली होती का, सही दबावाखाली झाली का, स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हे तपासतात. खात्री करायचीय? मध्यस्थीच्या सुरुवातीला सहीसाठी येणारा कागद वाचा. मध्यस्थ कायदेशीर सल्ला देणार नाही, असं त्यात बहुधा लिहिलेलंच असतं.