कबुली आधी वाचायची की शेवटी?

डिसेंबर 1949 मध्ये गोंदियात एका पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि चौघांवर खटला उभा राहिला. त्यांतल्या एकाने कबुलीजबाब दिला, त्यात दुसऱ्यालाही गोवलं. दोघांना फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयात अपील आलं ते फक्त या दुसऱ्याचं. 1952 मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकालात पुरावा तपासण्याचा एक क्रम घालून दिला. सहआरोपीची कबुली आधी बाजूला ठेवायची. उरलेला पुरावा खरा मानला, तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते का, ते पाहायचं. होऊ शकत असेल आणि तरीही मन कचरत असेल, तर खात्रीसाठी कबुलीकडे वळायचं. या कसोटीवर खुनाचा आरोप टिकला नाही. पुरावा नाहीसा केल्याबद्दल तेवढी शिक्षा झाली.

वकील मंडळींना हा निकाल पाठ असतो. पण कबुली आधी वाचली काय आणि नंतर वाचली काय, फरक का पडावा? याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा मानसशास्त्राच्या प्रयोगांत जास्त स्पष्ट मिळतं.

पहिली अडचण कबुलीचीच. न केलेला गुन्हा कोण कशाला कबूल करेल, असं आपल्याला वाटतं. 1996 मध्ये अमेरिकेत सॉल कॅसिन आणि कॅथरीन किकेल यांनी विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. कुणीतरी अक्षरं वाचून दाखवायची, यांनी टाइप करायची. ‘ऑल्ट’ची कळ दाबू नका, मशीन बंद पडेल, अशी ताकीद आधीच दिलेली. मिनिटभराने मशीन आपोआप बंद पडायचं आणि आळ विद्यार्थ्यावर यायचा. कुणीच ती कळ दाबलेली नव्हती. सुरुवातीला सगळ्यांनी नाकारलं. तरी शेवटी 69 टक्क्यांनी कबुलीवर सही केली. जिथे अक्षरं भराभर वाचली जात होती आणि ‘मी पाहिलं’ म्हणणारा खोटा साक्षीदारही हजर होता, तिथे तर एकूण एक जणाने सही केली. त्यांतल्या 35 टक्क्यांनी वर तपशीलही पुरवला: हात असा सरकला, कळ अशी दाबली गेली. मशीन बंद पाडणं आणि खून यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरं. पण दडपण, घाई आणि खोटा साक्षीदार एवढ्यावर माणूस स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास गमावतो, हे या प्रयोगातून दिसलं.

आरोपी अनेक असले की दुसरी अडचण येते. आइसलंडमध्ये 1974 साली दोन पुरुष वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाले. मृतदेह आजवर मिळालेले नाहीत. तरीही 1980 मध्ये सहा जण दोषी ठरले, मुख्यतः त्यांच्याच जबाबांच्या आधारे. एका आरोपीला 655 दिवस एकांतकोठडीत ठेवलं होतं. त्या काळी रेकयाविकमध्ये पोलीस असलेले गिस्ली गुद्योनसन पुढे खोट्या कबुलींचे जगन्मान्य अभ्यासक झाले आणि या कबुली भरवशाच्या नाहीत असा निष्कर्ष त्यांनी दिला. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना निर्दोष ठरवलं. सहा तोंडांतून एकच गोष्ट आली की ती पक्की वाटते. पण एकाच्या जबाबातले तपशील दुसऱ्याच्या चौकशीत प्रश्न बनून जात असतील, तर ते जुळणारच.

परिस्थितीजन्य पुराव्याचं सगळं बळ इथेच पणाला लागतं. ठसा, शेवटचं एकत्र दिसणं, मोबाइलची नोंद: एकेकटं पाहिलं तर यातलं प्रत्येक कच्चं. एकत्र आलं की भारी पडतं, कारण इतके योगायोग एकाच माणसाभोवती जमणं अवघड. पण हा हिशोब प्रत्येक दुवा इतरांपासून स्वतंत्र असेल तरच लागू होतो. कबुलीची बातमी कानावर पडल्यावर लिहिलेला अहवाल हा नवा दुवा उरत नाही. एकच गोष्ट आपण दोनदा मोजतो.

आणि बातमी कानावर पडते. 2009 मध्ये लिसा हॅसल आणि कॅसिन यांनी बनावट चोरीच्या साक्षीदारांना ओळखपरेड दिली. दोन दिवसांनी ‘दुसऱ्याच माणसाने कबूल केलंय’ असं सांगताच, ज्यांनी कुणाला तरी ओळखलं होतं त्यांतल्या 61 टक्क्यांनी मत बदललं. शास्त्रीय पुरावा तरी यातून सुटेल, असं वाटतं. 2011 मध्ये इटिएल ड्रोर आणि ग्रेग हॅम्पिकियन यांनी अनेक आरोपी असलेल्या एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यातला मिश्र डीएनएचा (अनेकांचा डीएनए एकत्र मिसळलेला) नमुना 17 तज्ज्ञांना दिला. खटल्याची माहिती दिली नाही. मूळ प्रयोगशाळेला सहआरोपीचा जबाब माहीत होता आणि तिने ‘या आरोपीला वगळता येत नाही’ असं म्हटलं होतं. 17 पैकी फक्त एकाने ते मान्य केलं. चौघांनी निष्कर्ष काढता येत नाही म्हटलं, बारा जणांनी आरोपीला वगळलं. नमुना तोच, निष्कर्ष मात्र वेगळा.

आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यातही ही सावधगिरी होती. पोलिसांपुढची कबुली साधारणपणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. तिच्यातून एखादी वस्तू किंवा जागा उघड झाली, तर तेवढाच भाग चालतो. हत्यार कुठे टाकलं हे एकाने दाखवल्यावर दुसऱ्यानेही तीच जागा दाखवली, तर त्यातून नवं काहीच उघड झालेलं नसतं. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे नियम कायम आहेत.

बोस यांचा क्रम मात्र न्यायाधीशासाठी आहे आणि त्याच्यापुढे सगळं आधीच तयार होऊन येतं. कबुली त्याने शेवटी वाचली, तरी ठसेतज्ज्ञाने आधी वाचली असेल तर उपयोग काय? म्हणून मला हा क्रम प्रयोगशाळेच्या दारातच लावायला हवा असं वाटतं: तज्ज्ञाकडे नमुना जावा, कहाणी जाऊ नये. चौकशीच्या खोलीसाठी उपाय सांगून झालेला आहे. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. असं चित्रण जपून ठेवलेलं असेल, तर मृतदेह टाकलेल्या विहिरीचा किंवा हत्यार म्हणून वापरलेल्या कोयत्याचा उल्लेख आधी कुणाच्या तोंडून आला, आरोपीच्या की तपास अधिकाऱ्याच्या, हे कोर्टाला ऐकून ठरवता येईल.