लोकशाही हवी, पण उमेदवार आपलाच

'लोकशाही हवी का?' असं विचारलं, तर बहुतेक लोक हो म्हणतात. तरीही न्यायालयांना न जुमानणारे, पत्रकारांमागे हात धुऊन लागणारे नेते पुन्हा पुन्हा निवडून येतात. मतदार फसला किंवा अडाणीच आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते आळशी उत्तर वाटतं.

येल विद्यापीठातल्या मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी हा प्रश्न आडवळणाने विचारला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अमेरिकी मतदारांपुढे काल्पनिक उमेदवारांच्या जोड्या ठेवल्या होत्या. प्रत्येकाचा पक्ष आणि धोरणं दिलेली, आणि काहींच्या माहितीत एक खडा टाकलेला: हा गृहस्थ कोर्टाचे नावडते निकाल पाळणार नाही, किंवा विरोधकांच्या भागातली मतदान केंद्रं कमी करणार. एवढ्यासाठी आपल्या पसंतीच्या उमेदवाराला नाकारणारे निघाले जेमतेम ३.५ टक्के. बाकीच्यांना लोकशाही नकोशी होती असं नाही. मत एकच, आणि त्यातच पक्ष, कर, स्थलांतर, सगळं बसवायचं. समोरचा पक्ष जितका परका वाटतो, तितकी तत्त्वासाठी मोजायची किंमत वाढते.

कागदावरची उत्तरं खरी कशावरून? त्यासाठी या दोघांनी माँटाना राज्यातली २०१७ची पोटनिवडणूक तपासली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी एका पत्रकाराला जमिनीवर आपटलं. तोवर अनेकांनी टपालाने मत देऊन टाकलं होतं, म्हणजे घटनेआधीची आणि नंतरची मतं आयतीच वेगळी मिळाली. जियानफोर्टेंना फटका बसला तो दोन्ही पक्षांचं बळ साधारण सारखं असलेल्या भागांत. रिपब्लिकन बालेकिल्ल्यांत पक्षनिष्ठाच वरचढ ठरली. ते जिंकले, पुढे राज्याचे गव्हर्नरही झाले.

पण निष्ठेने सगळं उलगडत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात भीती सापडली. विरोधी पक्षाचे लोक नियम मोडायला किती तयार आहेत, याचा दोन्हीकडच्या समर्थकांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच फुगलेला होता. 'ते मोडणारच आहेत, मग आपण का थांबायचं?' असा हा हिशेब. त्यांना खरे आकडे दाखवले, तेव्हा नियम मोडणाऱ्या उमेदवाराला मत द्यायची त्यांची तयारी कमी झाली. सर्वेक्षणात आलेला हा गुण रोजच्या प्रचाराच्या भडिमारात किती टिकेल, याची मला शंका आहे.