पिक्सहॉकच्या पिनांमधून सर्व्होला वीज मिळते का? नाही!

पिक्सहॉक हा ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा बोर्ड; सर्व्हो म्हणजे सिग्नलनुसार ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर. ‘फ्लाइट कंट्रोलरला ५ व्होल्ट मिळतात, म्हणजे पेलोडचा (ड्रोनवरच्या सामानाचा) सर्व्होही त्यावरच चालेल’, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पिक्सहॉक १ च्या मेन (मुख्य) आणि ऑक्स (जादा) आउटपुट पिनांमधून फक्त सिग्नल मिळतो. बॅटरीतून बोर्डाला वीज देणाऱ्या पॉवर मॉड्यूलचे ५ व्होल्ट या पिनांच्या पट्टीवर येतच नाहीत. बोर्ड चालू करून पट्टीच्या अधिक-उणे पिनांवर मल्टिमीटर लावा, खात्री पटेल.

सामान टाकणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्होसाठी वेगळा ५ व्होल्टचा बीईसी (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारे छोटे सर्किट) घ्या. धातूच्या गिअरचा मोठा सर्व्हो अडकला की २ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो, म्हणून बीईसी ५ अँपिअरचा बरा. पूर्ण चार्ज झालेली ६एस (सहा सेलची) लिथियम-पॉलिमर बॅटरी २५.२ व्होल्ट देते. बीईसीला तेवढे झेपते का, ते आधी तपासा.

सर्व्होची लाल तार थेट बीईसीला जोडा, पट्टीला नको. सर्व्हो झटक्याने थांबला की उलटा व्होल्टेज-झटका येतो आणि तो पट्टीमार्गे बोर्डापर्यंत पोहोचू शकतो. मात्र ग्राउंड, म्हणजे बोर्ड, बीईसी आणि सर्व्हो यांची उणे तार, सामाईक हवेच. ते सुटले तर सिग्नलला आधार राहत नाही आणि सर्व्हो थरथरतो किंवा भलत्याच वेळी उघडतो. खाली माणसे असतील तर हे जिवावर बेतेल.

आर्डूपायलटमध्ये (बोर्डावर चालणाऱ्या उड्डाण-सॉफ्टवेअरमध्ये) ऑक्स १ साठी सर्व्हो९_फंक्शन (SERVO9_FUNCTION) ही सेटिंग २८, म्हणजे ग्रिपर (पकड), ठेवा. पहिली चाचणी ड्रोनचे पंखे काढूनच घ्या.