मुंबई–नागपूर हवाई अंतर व उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (सोनेगाव) यांच्यातील सरळ अंतर सुमारे ६८५ किमी., म्हणजेच ३७० सागरी मैल आहे. वेळापत्रकात या प्रवासाला साधारण दीड तास दाखवलेला असतो. विमान प्रत्यक्ष हवेत असते ते तासभर किंवा त्याहून थोडे अधिक.

हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले आहे. रेल्वेने हाच प्रवास ८३७ किमी.चा होतो, कारण रूळ कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, बडनेरा, वर्धा असे वळण घेत जातात. समृद्धी महामार्ग मात्र ७०१ किमी.चा, म्हणजे जवळजवळ विमानाइतकाच सरळ. अर्थात तो भिवंडीजवळ आमणे येथे सुरू होतो. मुंबईतून तिथवर पोचण्याचा वेळ ज्याचा त्याने धरायचा. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

ताशी ८०० किमी. वेगाने ६८५ किमी. पन्नासएक मिनिटांत संपायला हवेत. उरलेला वेळ जातो तो बहुतांशी जमिनीवर आणि विमानतळांच्या आसपास. वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत; उड्डाणासाठी रांग लागते, उतरताना घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय मुख्य धावपट्टीवरून विमान बहुधा समुद्राच्या दिशेने झेपावते. पूर्वेकडच्या नागपूरला निघालेला प्रवासी आधी अरबी समुद्र पाहतो, तो यामुळे.

वाऱ्याचाही वाटा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, म्हणून नागपूरकडे जाताना विमानाला पाठबळ मिळते आणि परतीला काही मिनिटे जास्त लागतात. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेचे झाले की हिशेब उलटतो. एवढ्या छोट्या पल्ल्यावर हा फरक किरकोळच. मुंबईतली एक रांग तो सहज गिळते. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा अंतर तेच राहते, पण तिकीट मिळणे अवघड होते.

दोन्ही शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा अधिक फरक आहे. घड्याळ एकच असले तरी सूर्य नागपुरात सरासरी २५ मिनिटे आधी उगवतो आणि मावळतोही.

भारताच्या मध्यावर असण्याचा नागपूरला हवाई वाहतुकीत मोठा उपयोग झाला तो १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत आणि विमाने आपापल्या शहरी परत फिरत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र अशा रीतीने उजाडेपर्यंत कलकत्त्याला पोचलेले असे.