शांत नेता आणि गप्प नेता, दिसायला सेम पण भानगड वेगळी

पुण्यात सकाळी टेकडी उतरून चहाला थांबलेल्या काकालोकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, की आपल्याला ना शांत नेता पाहिजे, ही रोजची बोंबाबोंब बास झाली. मान्य आहे ओ, पण न ओरडणारा माणूस दिसला की आपण लगेच त्याला शांत म्हणून मोकळे होतो आणि त्यातले बरेचसे नुसतेच गप्प असतात.

शांत म्हणजे काय ते बघायचं तर आपले नामदार गोखले. आवाज चढवणं नाही, टाळीबाज डायलॉग नाहीत, पण १९०२ ला इंग्रज सरकारच्या इम्पीरियल कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, बजेटवर बोलायला उभे राहिले आणि सरकार ज्या शिलकीवर मिरवत होतं ती दुष्काळात पिचलेल्या लोकांकडून जास्तीचा कर वसूल करून जमलीये, हे सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं, वर मिठावरचा कर कमी करा म्हणाले. इथेच पुण्यात त्यांना मवाळ म्हणून हिणवलं गेलं, आणि त्यांचं सगळं पटावं असंही काही नाही, पण माणसाचं म्हणणं काय आहे याबद्दल कुणाला डाऊट नव्हता.

गप्प नेत्याचं नेमकं तेच कळत नाही. निर्णय कुणी घेतला, कधी घेतला, घेतला तरी का, काहीच हाती लागत नाही, नुसतं बघू, समिती नेमलीये, योग्य वेळी बोलेन. आणि कार्यकर्ते सांगत फिरतात की साहेब फार धोरणी आहेत.

आता खरी इंटरेस्टिंग केस म्हणजे माजी पंतप्रधान नरसिंह राव, कारण एकाच माणसात दोन्ही सापडतं (मराठी उत्तम यायचं त्यांना, रामटेकहून खासदारही झाले होते). १९९१ ला परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, सरकार अल्पमतात, तरी जुलैत रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन केलं, अर्थमंत्री मनमोहन सिंगांना पुढे ठेवून मागे उभे राहिले आणि २४ जुलैला एकाच दिवशी नवं औद्योगिक धोरण आणि बजेट दोन्ही आलं, कुठे छाती बडवणं नाही की काही नाही. तोच माणूस ६ डिसेंबर १९९२ ला बघा. उत्तर प्रदेश सरकारच्या आश्वासनावर विसंबून राहिले, दुपारभर अयोध्येत बाबरी मशिदीचे घुमट पडत राहिले, केंद्राचं निमलष्करी दल जवळच होतं, आणि देशाशी बोलले ते सगळं संपल्यावर संध्याकाळी. कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय होता असं त्यांची बाजू घेणारे म्हणतात, तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल, पण मला तरी ते गप्प बसणंच वाटतं. स्वभाव तोच, फक्त पहिल्या वेळी त्या शांतपणाच्या आड काम चाललं होतं.

आणि बोलूनही शांत राहता येतं हं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री, त्यांनी टीव्हीवर झाले त्यापेक्षा एक स्फोट जास्तीचा सांगितला, न झालेला एक मुस्लिम वस्तीतला जोडून, का तर आधीच दंगलींनी पोळलेलं शहर परत पेटू नये म्हणून, आणि नंतर हे स्वतःच कबूल केलं. शांत डोक्याने घेतलेला निर्णय होता यात वादच नाही, पण लोकांना खोटं सांगितलं हेही तितकंच खरं, आणि यावर दोन पुणेकर भेटले की तीन मतं निघतात.