कोडिंग न जमणं आणि जमणार नाही असं वाटणं

मुंबईत बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंगच्या वर्गात 'मुलींना कोडिंग कमी जमतं' हे कोणी ना कोणी बोलतंच, आणि का म्हणून विचारलं तर म्हणतात, अगं मुली स्वतःच सांगतात ना! इथेच गल्लत होते. कौशल्य म्हणजे काम दिलं तर ते हातून होतं का, आणि भरवसा म्हणजे ते आपल्याच्याने होईल असं आधीपासून वाटतं का. या दुसऱ्या गोष्टीवर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सविस्तर मांडणी केली.

'तुम्हाला कॉम्प्युटर किती येतो, पाचपैकी मार्क द्या' असा फॉर्म भरून घेतला की हाती येतो तो भरवसा, कौशल्य नाही. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना इंटरनेटवर प्रत्यक्ष शोधायची कामं दिली, तर बायका-पुरुषांच्या जमण्यात फारसा फरक नव्हता, पण बायकांनी स्वतःला कमी मार्क दिले होते.

आणि हा भरवसा जातो कुठे ते आपल्या लॅबमध्ये बघा. एका पीसीवर तिघं, कीबोर्ड मुलाकडे, जर्नल मुलीकडे कारण तिचं अक्षर चांगलं, ग्रुप प्रोजेक्टमध्येही पीपीटी तिने करायची, मग व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, लॉजिक बरोबर सांगूनही ती 'बहुतेक असं असेल सर' म्हणते आणि सरांना वाटतं हिला येत नाही. उलट मुलाचा कोड रन झाला नाही, केटी लागली म्हणजे विषय राहिला, तरी 'मुलांना जमत नाही' असं कोणी म्हणत नाही, याने अभ्यास केला नाही एवढंच. हे मला खरंच खटकतं.

उपायही म्हणून वेगळे. कौशल्य कमी असेल तर सराव, जादा लेक्चर वगैरे. भरवसा मात्र 'तू करू शकतेस' एवढ्याने येत नाही, बांडुरांच्या मते तो सगळ्यात जास्त स्वतः करून जमल्याने येतो. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजने पहिल्या कोर्समध्ये आधीपासून कोडिंग येणाऱ्यांची बॅच वेगळी केली आणि सोबत आणखी काही बदल केले, तर कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या त्या काही वर्षांत ४० टक्क्यांच्या आसपास गेल्या. आपल्याकडे बॅच नाही बदलता आली तरी दर प्रॅक्टिकलला कीबोर्ड कोणाकडे आणि जर्नल कोणाकडे हे सरांनीच आलटून पालटून ठरवून द्यावं, त्याला एक रुपयाही लागत नाही.